घर क्रमांक सतरा

सौंसर, १२ जानेवारी १९८६

डॉ. अनुराधा कळंबे, शासकीय रुग्णालय, पांढुर्णा, यांना गुणवंता सोमकुवर, टेकडी मोहल्ला, सौंसर याचा सप्रेम जयभीम.

आपली ओळख नाही. मी पाण्याच्या मोटरी बांधतो, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवीन तार भरतो. शाळा पाचवीपर्यंत. बाकी जे येते ते स्वतः वाचून आणि हात पोळून. हे आधीच सांगतो, कारण पत्र वाचताना ‘हा कोण टिकोजी’ असे तुमच्या मनात येणारच.

तहसील कचेरीच्या फळ्यावर तुमच्या पाहणीचा निकाल लागला आहे. मी तो उभ्याने तीन वेळा वाचला. ‘टेकडी मोहल्ला, सौंसर. समाज बौद्ध. घरे ६१. मनाचे आजारी : शून्य.’ आणि खाली, ‘येथे गरज आढळली नाही, सबब महिन्याचा मानसिक आजारांचा दवाखाना लोधीखेड्यास द्यावा.’

बाई, घरे ६१ नाहीत, ६४ आहेत. नाल्यापलीकडची तीन तुमच्या माणसाने पाहिलीच नाहीत. पाहणार कुठून? मोरेश्वर मास्तर दोन दिवस आले आणि दोन्ही दिवस मोहल्ल्याच्या तोंडाशी चिंचेखाली खुर्ची टाकून बसले. खुर्चीसुद्धा स्वतःच्या सायकलला बांधून आणलेली. घरोघर जावे, असे त्यांच्या कागदावर लिहिले होते. मी समोर उभा राहून ते उलटे वाचले. पाणी विचारले तर म्हणाले, ‘पिऊन आलो.’ दोन्ही दिवस पिऊनच आले होते! वेळ दुपारी बारा ते तीन. कापसाचे दिवस, बाया सगळ्या वेचणीवर. घरी कोण, तर म्हातारे आणि माझ्यासारखे दुकानदार. त्यात नववा प्रश्न हिंदीत : ‘घर में किसी पर ऊपरी हवा का असर है क्या?’ भूतबाधेचा प्रश्न विचारून मनाचा आजार सापडतो, हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

तुमचे शून्य चूक आहे. आमच्यात आजारी माणसे आहेत. बसमध्ये बसवून नागपूरला नेता येत नाहीत, अशी आहेत. दवाखाना इथेच पाहिजे. आणि पुढच्या वेळी प्रश्न तयार करण्याआधी आम्हाला विचारा. मोजून घेणारे आम्हीच नेहमी काहून? मोजणीत आमचा हात पाहिजे.

गुणवंता सोमकुवर


पांढुर्णा, २० जानेवारी १९८६

श्री. गुणवंता सोमकुवर यांस सादर नमस्कार.

पत्र मिळाले. तीन घरे सुटली ही चूक कबूल. खुर्चीचे मला माहीत नव्हते. मोरेश्वर मास्तरांना विचारले तर ते म्हणाले, ‘उन्हात कुठे फिरायचे?’ मी म्हटले, नोव्हेंबरात?

पण तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत. मास्तर सांगतात की तुमचे लोक ओळीने आले, ताठ उभे राहिले आणि एकसष्टच्या एकसष्ट घरांनी एकच वाक्य म्हटले : ‘आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात असले काही नसते.’ शब्दसुद्धा बदलला नाही. मला तेव्हाच चमत्कारिक वाटायला हवे होते. मी शून्य लिहून मोकळी झाले. आजारी माणसे आहेत, तर सगळ्यांनी नाही का म्हटले?

भूतबाधा उतरवायला लोक जामसावळीच्या मारुतीला जातात; तिथे आमच्या माणसांनी चार मंगळवार मंदिराच्या फाटकाशी बसून आजारी माणसांची नोंद केली. २१२ जण झाले. त्यांतही तुमच्या मोहल्ल्याचा एकही नाही.

पाहणी आणि दवाखाना नागपूरच्या मेडिकल कॉलेजचे आहेत, निर्णय तिथले आमचे विभागप्रमुख ३१ मार्चला घेतील. तोवर आजाऱ्यांची नावे पाठवा. मी स्वतः पाहीन.

आपली,
अनुराधा कळंबे


सौंसर, २७ जानेवारी १९८६

डॉक्टर बाई, जयभीम.

नावे पाठवणार नाही.

आमची नावे दुसऱ्यांच्या वह्यांमध्ये पुष्कळ लिहून झाली. वेठीच्या यादीत होती, दुष्काळी कामाच्या यादीत होती, तुमच्या नागपूरच्या कॉलेजचा एक गडी दहा वर्षांपूर्वी आमच्या पोरांचे दंड मोजून गेला, त्या वहीतही असतील. दंडांचे पुढे काय झाले ते अजून कळले नाही. पोरांची लग्ने झाली.

मोजणी पुन्हा करायची, पण माझ्या अटीवर. प्रश्न आमच्या विहारात बसून तयार करायचे, आमच्या बायांसोबत. विचारायला आमच्या बाया जातील, सकाळी वेचणीला निघायच्या आधी किंवा रविवारी. एका घराला एक कागद आणि कागदावर नाव नाही, फक्त घराचा नंबर. नंबर मी गेरूने दारावर टाकून ठेवतो. कागदांची एक प्रत विहाराच्या पेटीत राहील. आणि छापायच्या आधी जे छापणार ते विहारात वाचून दाखवायचे. कोणी म्हटले ‘हे चूक’, तर दुरुस्त करायचे.

तुम्ही म्हणाल, मोटर बांधणाऱ्याला संशोधनातले काय कळते. माझ्या कामात एका खाचेत बासष्ट वेढे म्हणजे बासष्टच. एक कमी पडला तर मोटर सुरू होते, आठ दिवस चालते, शेतकरी खूश होतो आणि नवव्या दिवशी धूर निघतो. तुमच्या कागदाचा धूर निघायला दोन महिने लागले.

सगळ्यांनी ‘नाही’ काहून म्हटले, याचे उत्तर पुढे कधी देईन.

गुणवंता


पांढुर्णा, ८ फेब्रुवारी १९८६

गुणवंतराव, नमस्कार.

तुमच्या अटी विभागप्रमुखांना जशाच्या तशा कळवल्या. ते हसले. म्हणाले, ‘आता मोटर बांधणारे संशोधन करणार, मग आपण मोटरी बांधू.’ मी लपवत नाही, कारण तुम्ही ते कुठून तरी ऐकालच.

त्यांनी मना मात्र केले नाही. मोजणी माझ्या जबाबदारीवर करायची. प्रश्न तुमच्याकडे बसून ठरवू. नावे नकोत, मान्य. कागदांची प्रत विहारात ठेवणे मला जमणार नाही. रोग्याची माहिती गुप्त राहिली पाहिजे, हा आमचा नियम आहे, आणि तो रोग्यासाठीच आहे. शिवाय न शिकलेल्या बायांना हे काम झेपेल का, ही शंका मला आहे. शंका आहे म्हणून येते आहे. रविवारी, १६ तारखेला, सकाळच्या बसने.

अनुराधा कळंबे


सौंसर, १९ फेब्रुवारी १९८६

डॉक्टर बाई, जयभीम.

तुम्ही आलात, जमिनीवर बसलात, वत्सलाबाईच्या घरचा चहा प्यालात आणि कप स्वतः धुवायला उठलात. तिने हातातून हिसकावला, ती गोष्ट वेगळी. वत्सलाबाई माझी थोरली बहीण, तिला खूश करणे सोपे नाही. तुम्ही गेल्यावर म्हणाली, ‘डॉक्टरीण बरी आहे. जरा भाकर खाल्ली पाहिजे तिनं.’

झालेले सगळे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी ‘असे झालेच नव्हते’ म्हणू नये. तुम्ही तुमचा पहिला प्रश्न वाचलात, ‘आपणांस उदास वाटते काय?’ आणि बायांमधली प्रमिला फस्सकन हसली. म्हणाली, ‘बाई, दिवसभर कापूस वेचून कंबर धरून घरी आल्यावर कोणाले नाही वाटत? लिहा, मोहल्ला उदास.’ तुम्हीही हसलात. मग विचारलेत, ‘मग तुम्ही कशावरून ओळखता?’ त्या एका प्रश्नाने काम झाले. आधी कोणी विचारलाच नव्हता.

बायांनी सांगितले ते असे. हातपाय धड असून जी वेचणीला यायची थांबली. जी नळावर सगळ्या गेल्यावर एकटी जाते, किंवा जातच नाही. जिचे केस कधी विंचरले होते ते घरच्यांना आठवत नाही. जी भाकर थापता थापता थांबते आणि तवा लाल होतो. दिवसा ज्या घराचे दार लोटलेले असते. आणि माणसांमध्ये, जो पारावर यायचा थांबला आणि कोणी बोलावले तर भिंतीकडे तोंड करतो. तुम्ही सगळे लिहून घेतलेत आणि म्हणालात, ‘यातले अर्धे आमच्या पुस्तकात आहे आणि अर्धे असायला पाहिजे.’ हे वाक्य मी विहाराच्या वहीत तारखेसह लिहिले आहे.

जाताना तुम्ही विचारलेत, मालतीताई दिसल्या नाहीत. माझी घरवाली माहेरी गेली आहे, तुमच्या पांढुर्ण्यालाच. सतरा नंबरचे दार त्यामुळे लोटलेले होते.

प्रतीचा मुद्दा मी सोडलेला नाही. तुमच्या हसणाऱ्या साहेबांना सांगा, मोटरी बांधायला यावे. मी शिकवीन. पाचवी पास लागते.

गुणवंता


पांढुर्णा, १ मार्च १९८६

गुणवंतराव, नमस्कार.

प्रतीबद्दल मी विचार केला. नंबर आहेत, नावे नाहीत, आणि पेटीची किल्ली वत्सलाबाईंकडे राहणार. आमच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे मला स्वतःला माहीत नाही. तुम्ही जिंकलात. एक प्रत तुमची.

कागदावर पाहणी करणाऱ्यांची नावे लिहायची जागा असते. तिथे मी वत्सलाबाई, प्रमिलाबाई आणि बाकीच्या सहाजणींची नावे घालणार आहे. त्यांनी केलेले काम माझ्या नावावर छापले तर माझ्यात आणि खुर्चीवाल्या मास्तरात फरक काय?

मालतीताई पांढुर्ण्यात कोणत्या मोहल्ल्यात असतात? कळवा. मी त्यांना भेटेन, रुग्णालयापासून काहीच लांब नाही.

अनुराधा


सौंसर, १७ मार्च १९८६

डॉक्टर बाई, जयभीम.

कागद सोबत पाठवत आहे. रजिस्टर्ड टपालाने, पावती माझ्याकडे आहे.

घरे ६४. माणसे ३५१. आठ बाया, तीन रविवार आणि रोजच्या सकाळी. एकही घर सुटले नाही. नाल्यापलीकडे तुळशीराम एकटा राहतो, तो आधी दार उघडेना, मग प्रमिलाशी अर्धा तास बोलला. त्याच्या तोंडून अर्धा तास बोलणे ऐकलेला माणूस मोहल्ल्यात दुसरा नाही. त्याचा कागद पाठपोट भरला आहे.

शून्य कुठे गेले ते पहा. लोधीखेड्याला दवाखाना द्या, त्यांनाही गरज असेल, मी त्यांच्या आड येत नाही. पण इथला इथे पाहिजे. चालत येता येईल असा.

जास्त लिहीत नाही. मोटरींचा हंगाम आहे, संत्र्याला पाणी सुरू आहे.

गुणवंता


पांढुर्णा, २२ मार्च १९८६

गुणवंतराव,

कागद मिळाले. असे काम मी कॉलेजात पाहिलेले नाही.

एक विचारते. चौसष्टाव्या कागदाच्या तळाशी वत्सलाबाईंच्या अक्षरात लिहिले आहे, ‘एकूण आजारी १४.’ मी तीन वेळा बेरीज केली. १३ येतात. कागद मोजले, ६३ आहेत. सोळानंतर अठरा आहे. टपालात एखादा गळून पडला असेल.

३१ तारखेला विभागप्रमुख हे पाहतील आणि बेरीज चुकली म्हणून सगळा गठ्ठा बाजूला ठेवतील. त्यांना तेवढे कारण पुरेल. मी तेरा करू की चौदा? तुम्ही सांगाल तेच लिहीन. मला दुसरे काही सांगायलाच पाहिजे असे नाही.

अनुराधा


सौंसर, २६ मार्च १९८६

डॉक्टर बाई, जयभीम.

टपालात काही पडले नाही. सतरा नंबर माझ्या दुकानात, तांब्याच्या तारेच्या रिळाखाली आहे. या पत्रासोबत तो पाठवत आहे.

आता क्रमाने.

मालती माहेरी गेलेली नाही. तीन वर्षे झाली, ती घराबाहेर पडत नाही. दार लोटून बसते. एक हिरवे लुगडे आहे, त्याची घडी मोडते आणि घालते. माझ्याशी बोलत नाही. कारण विचारू नका, मलाच माहीत नाही. कारण नसलेली गोष्ट माझ्या हातून दुरुस्त होत नाही, आणि त्याचाच मला राग येतो. चौऱ्याऐंशी साली नागपूरला नेत होतो. बस स्टँडवर तिने हात सोडवला आणि पळाली. चार तासांनी सापडली. त्यानंतर मी बसचे नाव काढले नाही.

वत्सलाबाईने गठ्ठा आणून दिला त्या दिवशी मी एकेक कागद पाहत होतो. सतरा आला. मी विचारले, ‘हा कोणं भरला?’

‘मी भरला. काहून?’

‘मले न विचारता?’

‘चौसष्ट घरांत कोणत्या घरधन्याले विचारलं? तूच म्हटलं होतं ना, बायांनं बायांले विचारायचं? मालतीले विचारलं. तिनं सांगितलं.’

‘ती बोलत नाही.’

‘तुह्याशी बोलत नाही,’ बाई म्हणाली, आणि चप्पल घालून निघून गेली.

मी तो कागद वाचलासुद्धा नाही. रिळाखाली सरकवला. शेवटच्या कागदावरचा चौदा मला खोडता आला असता. रबर समोर होता. हात गेला नाही. दुसऱ्याच्या खऱ्या बेरजेला हात लावायचा नाही, एवढे अजून माझ्यात शिल्लक आहे असे समजा.

आता तुमच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर. एकसष्ट घरांनी एकच वाक्य काहून म्हटले? मी शिकवले म्हणून. मास्तर येणार हे आदल्या रविवारी कळले. भूतबाधेचे विचारणार, हेही कळले. मी विहारात उभा राहून सांगितले : ‘आपल्या बापांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. देव सोडले, भुते सोडली. सरकारी माणूस येऊन राहिला, तो आपल्याला परत त्याच चिखलात पाहू पाहतो. ताठ उभे राहा आणि सांगा, आमच्यात असले काही नसते.’ टाळ्या पडल्या. सतरा नंबरचे उत्तर तर मीच दिले, सगळ्यांच्या पुढे. आवाज चढवून दिले. मास्तरने चिंचेखाली बसून शून्य लिहिले हे खरे, पण ते शून्य मी त्याच्या हातात दिले होते. तुमच्या कागदातल्या चुका मी मोजत बसलो, त्यात ही मोजली नाही.

आणखी एक. मंदिराच्या फाटकाशी तुमच्या माणसांनी २१२ नोंदी केल्या, आमचा एकही नाही, असे तुम्ही लिहिले. १२ नोव्हेंबर, मंगळवार, नोंद क्रमांक ८८ काढून पहा. ‘मालती, राहणार मुलताई, जात कुणबी.’ तुमच्या माणसाने दिलेली नोंदीची चिठ्ठी माझ्याकडे आहे. छकड्याला पडदा लावून पहाटे नेली होती. मीच. विहारात भाषण करणारा. तिथल्या लोकांनी आम्हाला काही वाकडे विचारले नाही, प्रसादसुद्धा दिला. खोटे गाव आणि खोटी जात मी आपण होऊन सांगितली. ८८ खेरीज आमच्या मोहल्ल्याची अजून किती नावे त्या वहीत दुसऱ्या गावांची झाली आहेत, ते मला विचारू नका. मी गेलो म्हणजे बाकीचे गेले नसतील काय?

तर तुम्ही असे करा. तेराचे चौदा करा. नोंद ८८ खोडू नका. तिच्यावर एक रेघ मारा, आतले वाचता आले पाहिजे, आणि शेजारी लिहा : ‘टेकडी मोहल्ला, सौंसर. बौद्ध. घर १७.’ पहिले शून्यही तसेच राहू द्या, आणि ते काहून पडले ते लिहा. अर्धे चिंचेखालच्या खुर्चीमुळे, अर्धे माझ्या भाषणामुळे. छापणार असाल तर दोन्ही छापा. मला लाज वाटते का? वाटते. पण लाज लपवून आमच्या चौदा माणसांचा दवाखाना गेला तर ती जास्त वाटेल.

हे पत्र मी येत्या रविवारी विहारात वाचणार आहे. छापायच्या आधी वाचून दाखवायचे, ही अट माझीच होती.

गुणवंता सोमकुवर
घर १७


पांढुर्णा, ५ एप्रिल १९८६

गुणवंताभाऊ,

दवाखाना सौंसरला मंजूर. सहा महिने, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. लोधीखेड्यालाही. पहिली तारीख ४ मे.

आता दुसरी बाजू. विभागप्रमुखांनी कागद वाचले, या वेळी हसले नाहीत. म्हणाले, मोजणी छापू, पण आधीचे शून्य गाळा, त्याने विभागाची शोभा होते. आणि आठ बायांची नावे काढा, ‘स्थानिक महिलांचे सहकार्य लाभले’ एवढे पुरे. मी म्हटले, मग माझेही नाव काढा आणि ‘एका डॉक्टरीणबाईचे सहकार्य लाभले’ असे लिहा. ते म्हणाले, तुमची नेमणूक सप्टेंबरला संपते, हे ध्यानात असू द्या. मी ध्यानात घेतले आणि अहवाल नावांसह, शून्यासह, ८८ च्या रेघेसह टपालात टाकला. माझ्याकडेही पावती आहे.

रविवारी विहारात काय झाले?

अनुराधा


सौंसर, ६ मे १९८६

डॉक्टर बाई, जयभीम.

परवा तुम्ही इथेच होतात, तरी लिहितो. रोगी पाहताना तुमची मान खाली होती, बरेच तुम्हाला दिसले नसेल.

आधी त्या रविवारचे. पत्र मी वाचले. वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. श्रीधर, आमच्या विहाराचा सचिव, म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही दीक्षेची प्रतिज्ञा मोडली.’ मी म्हटले, मोडली, लिहून घे. तेवढ्यात मागून जयश्री उठली, तुम्ही तिला ओळखता, नळाजवळची. म्हणाली, ‘मग माह्या सासूचंही लिहा. आम्ही बैतूलचे झालो होतो.’ मग दुसरी उठली. श्रीधरची लेखणी थांबली. त्याच्या घरचे कोणत्या गावचे झाले होते, ते मी विचारले नाही. शेवटी वत्सलाबाई म्हणाली, ‘झालं का बाप्या लोकाचं? ज्याचं पोट दुखते तो दवाखान्यात जाते. डोकं दुखते तोही जाईन. यात कोणती प्रतिज्ञा मोडते?’ आणि सभा उठली.

आता ४ तारखेचे. घर सतरा ते विहार एकशे अकरा पावले आहेत. भर सकाळी, दहा वाजता, पडदा न लावता मी मालतीला घेऊन निघालो. सगळी दारे उघडी होती. बाया ओट्यांवर उभ्या होत्या, पण कोणी पाहत असल्याचे दाखवले नाही. प्रमिला तर रिकामे सूप पाखडत होती. चाळिसाव्या पावलाला मालती थांबली. मी हात धरायला गेलो, तिने धरू दिला नाही. उभी राहिली, मग आपली आपण चालली. विहारात पहिल्या बाकावर बसलो. नंबर एक पाहिजे, म्हणून मी सकाळी सहालाच चपला ठेवून आलो होतो.

तुम्ही विचारलेत, ‘किती दिवसांपासून?’ मी उत्तर पाठ करून आणले होते. ‘तीन वर्षे, दोन महिने,’ मी म्हटले. तुम्ही लिहायला लागलात.

आणि मालती म्हणाली, ‘चार.’

तुमची लेखणी थांबली. मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘चार वर्ष झाले. पहिलं वर्ष ह्यायले दिसलंच नाही.’

मला वाटते, तुम्ही तेव्हा तीन आधीच लिहून टाकले होते. पुढे आणखी तेरा माणसे होती, दुरुस्त करायचे राहिले असेल. नंतर वत्सलाबाईकडून पेटीची किल्ली घेऊन मी रिळाखालच्या त्या कागदाची विहारातली प्रत काढून पाहिली. वत्सलाबाईच्या अक्षरात तिथेही चारच आहे. मी तो वाचलाच नव्हता.

सप्टेंबरात तुमची नेमणूक वाढवली नाही, तर आम्ही नागपूरला येऊ आणि साहेबांच्या दाराशी बसू. चौसष्ट घरे येतील. त्यांना सांगून ठेवा, खुर्ची द्यायची गरज नाही, आम्ही आमची आणू. सायकलला बांधून.

सध्या एवढेच करा. घर १७ च्या तुमच्या दवाखान्यातल्या कागदावर ‘किती वर्षे’ या रकान्यात तीन असेल तर त्यावर एक रेघ मारा, आतले वाचता आले पाहिजे. शेजारी ४ लिहा. शाईने. आणि कोणी सांगितले, त्या जागी माझे नाव आहे, तेही दुरुस्त करा.

तिने सांगितले.

गुणवंता